विशेषणानंतर कुठलं प्रीपोझिशन? आधी डावीकडे बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसले. गेली २८ वर्षं मी नाशिकला मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे, आणि एवढ्या वर्षांत हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहात. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'आय ॲम गुड इन एक्सेल' असं लिहिलंत, तर साहेबांनी 'इन' खोडून 'ॲट' केलं. तो धडा लक्षात ठेवून पुढच्या मेलमध्ये 'इंटरेस्टेड ॲट डेटा ॲनालिसिस' लिहिलंत, तर आता 'ॲट' खोडून 'इन' केलं. मग नेटवरून विशेषण आणि त्याच्यामागून येणारं प्रीपोझिशन, म्हणजे 'इन', 'ॲट', 'ऑफ' यांसारखा छोटा शब्द, अशा दीडशे जोड्यांची यादी उतरवून घेतलीत, दोनदा पाठ केलीत, दोन्ही वेळा विसरलात. आणि शेवटी विचारलंत, 'मॅडम, याला काही नियम आहे की नाही?'

सगळ्या विशेषणांना पुरेल असा एक नियम नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तो शोधण्यात तुमचा आणखी वेळ जायला नको. पण दीडशे जोड्या दीडशे दिशांना पळतायत असंही नाही. त्यांत बऱ्यापैकी शिस्त आहे, आणि त्या शिस्तीतला मोठा भाग मराठी माणसाला ओळखीचा वाटेल असा आहे. यादी विसरली जाते त्यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. तुम्ही वाक्यात चुकीच्या बाजूला बघताय.

आपल्याला शाळेत 'इन', 'ऑन', 'ॲट' पहिल्यांदा कसे शिकवतात ते आठवा. 'ॲट फाइव्ह ओक्लॉक', 'ऑन मंडे', 'इन जून'. तिथे निर्णय पुढचं नाम घेतं. वार आला की 'ऑन', महिना आला की 'इन'. त्यामुळे प्रीपोझिशनची जागा रिकामी दिसली की आपली नजर आपोआप उजवीकडे, पुढच्या नामाकडे जाते. त्यात मराठीची सवय. आपला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामालाच चिकटतं. कुत्र्याची, कुत्र्याला, कुत्र्यापासून, कुत्र्यावर. म्हणजे दोन्ही सवयी आपल्याला नामाकडेच ढकलतात. तुम्ही 'गुड'नंतर थांबून पुढे काय बघितलंत? एक्सेल. 'एक्सेलमध्ये' म्हणजे 'इन एक्सेल'. मराठी डोक्याने केलेला हा अगदी सरळ विचार आहे.

विशेषणाच्या बाबतीत मात्र निर्णय डावीकडे झालेला असतो. 'अफ्रेड' हा शब्द उच्चारला तेव्हाच 'ऑफ' ठरलं. पुढे कुत्रा येवो, अंधार येवो की बारावीची परीक्षा. 'इंटरेस्टेड' म्हटलं की 'इन' ठरलं, पुढे क्रिकेट असो नाहीतर जमिनीचा व्यवहार.

याचा पुरावा हवा असेल तर वाक्याचा प्रश्न करून बघा. 'शी इज अफ्रेड ऑफ डॉग्ज.' आता ती कशाला घाबरते हे विचारायचं. 'व्हॉट इज शी अफ्रेड ऑफ?' कुत्रा वाक्यातून गेला, त्याच्या जागी आलेलं 'व्हॉट' उडी मारून पुढे गेलं, पण 'ऑफ' कुठे राहिलं? 'अफ्रेड'च्या हाताला धरून तिथेच. मराठीत उलटं होतं. 'तिला कशाची भीती वाटते?' इथे 'ची' प्रश्नार्थक शब्दाबरोबर निघून जाते. वर्गात मी फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिते आणि 'ऑफ'खाली रेघ मारते. तोपर्यंत यादी पाठ करून थकलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी उलगडल्यासारखं दिसतं. म्हणून माझ्या वर्गात कुठलीही जोडी विधानात शिकवत नाही, प्रश्नात शिकवते. 'व्हॉट आर यू गुड ॲट?' 'हू इज शी मॅरीड टू?' 'व्हॉट इज नाशिक फेमस फॉर?' प्रश्न दहा वेळा तोंडाने म्हटला की ते छोटं अक्षर विशेषणाचं शेपूट होऊन बसतं.

एकाच वाक्यात दोन्ही प्रकार आले की फरक आणखी स्वच्छ दिसतो. 'ही वॉज ॲब्सेंट फ्रॉम द मीटिंग ऑन मंडे.' यातलं 'फ्रॉम' 'ॲब्सेंट'चं आहे आणि 'ऑन' सोमवारचं. पहिल्यासाठी डावीकडे बघायचं, दुसऱ्यासाठी उजवीकडे. स्थळ-काळ सांगणारं प्रीपोझिशन कुठल्याही विशेषणानंतर येऊ शकतं, ते विशेषणाच्या खात्यावर मांडायचं नाही.

आणि ही गोष्ट आपल्याला परकी आहे असंही समजू नका. मराठीतही आपण माणसावर रागावतो, माणसाला घाबरतो, माणसाशी भांडतो आणि माणसाचा हेवा करतो. वर, ला, शी, चा. हे आपल्याला कोणी पाठ करायला लावलं नाही. 'सासूबाई मला बोलल्या' आणि 'सासूबाई माझ्याशी बोलल्या' यातला फरक सुनेला व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळतो. इंग्रजीत हेच चालतं, फक्त आपल्या कानाला त्याची सवय नाही.

आता शिस्तीकडे येते. सगळ्यात मोठा गट 'ऑफ'चा, आणि तो मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळतो. ही मराठी नामं वाचा: अभिमान, लाज, भीती, जाणीव, कंटाळा, खात्री, हेवा, आवड. यांच्यापुढे प्रश्न कोणता येतो? कशाचा अभिमान, कशाची लाज, कशाची भीती, कशाची जाणीव, कशाचा कंटाळा, कशाची खात्री, कोणाचा हेवा. सगळीकडे षष्ठी, चा-ची-चे. आणि इंग्रजीत? 'प्राउड ऑफ', 'अशेम्ड ऑफ', 'अफ्रेड ऑफ', 'अवेअर ऑफ', 'टायर्ड ऑफ', 'शुअर ऑफ', 'जेलस ऑफ', 'फाँड ऑफ'. शाळेत 'चा-ची-चे म्हणजे ऑफ' शिकलो होतो ते इथे खरोखर उपयोगी पडतं. 'प्राउड ऑन' किंवा 'अफ्रेड फ्रॉम' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी एवढंच विचारते, 'मराठीत अभिमान कशाचा असतो की कशावर असतो?' तो स्वतःच दुरुस्त करतो.

हा योगायोग वाटू नये म्हणून थोडा इतिहास सांगते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय होते. 'भरलेला', 'पात्र', 'दोषी' अशा अर्थाच्या विशेषणांबरोबर येणारं नाम तेव्हा षष्ठीत जायचं. पुढे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम 'ऑफ'ने उचललं. आजचे 'फुल ऑफ', 'वर्दी ऑफ', 'गिल्टी ऑफ' त्याच वाटेवरचे. आपल्याकडे षष्ठी टिकली, त्यांच्याकडे तिच्या जागी वेगळा शब्द आला.

पण ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. मराठीत 'चा-ची' असूनही इंग्रजीत 'ऑफ' नसलेल्या चार जागा मी पहिल्याच आठवड्यात वेगळ्या लिहून घ्यायला सांगते. राग, काळजी, सवय आणि ॲलर्जी. 'त्याचा राग आलाय' म्हणजे 'ॲन्ग्री विथ हिम'. 'परीक्षेची काळजी' म्हणजे 'वरीड अबाउट द एक्झाम'. 'गोंगाटाची सवय' म्हणजे 'यूज्ड टू नॉइज'. आणि 'पेनिसिलिनची ॲलर्जी' म्हणजे 'ॲलर्जिक टू पेनिसिलिन'. हे शेवटचं मी मुद्दाम घालते, कारण परदेशी जायच्या तयारीत असलेल्या नर्सेस माझ्याकडे बऱ्याच येतात आणि त्यांना परीक्षेत रुग्णाबद्दल पत्र लिहावं लागतं. 'ॲलर्जिक फ्रॉम' आणि 'ॲलर्जिक ऑफ' मी लाल शाईने इतक्या वेळा दुरुस्त केलंय की त्याची मोजदाद नाही. शरीराची एखाद्या गोष्टीला होणारी प्रतिक्रिया किंवा तिची जडलेली सवय म्हटली की 'टू' येतो, असं धरून चाला. 'ॲलर्जिक टू', 'सेन्सिटिव्ह टू', 'ॲडिक्टेड टू', 'अकस्टम्ड टू' सगळे एका रांगेत बसतात.

'टू'चा दुसरा मोठा वापर नात्याचा. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून त्यांचं नातं सांगायचं असलं की 'टू': 'सिमिलर टू', 'इक्वल टू', 'रिलेटेड टू', 'क्लोज टू', 'एंगेज्ड टू', 'मॅरीड टू'. इथे मराठीचा 'शी' आपल्याला फसवतो. 'सुनीताशी लग्न झालंय' म्हणून 'मॅरीड विथ सुनीता'. इंग्रजी कानाला 'विथ' म्हणजे सोबत. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' असं इंग्रजीत खरंच लिहितात, पण त्याचा अर्थ लग्न झालेलं आहे आणि पदरात दोन मुलं आहेत. म्हणजे 'विथ'च्या पुढे जोडीदाराचं नाव लिहिलं की ते नाव मुलांच्या जागी जाऊन बसतं. हे एकदा समजावून सांगितलं की ती चूक परत होत नाही, असा माझा अनुभव आहे. 'शी'साठी मात्र पक्कं सूत्र मी देऊ शकत नाही. 'माझ्याशी उद्धटपणे वागला' हे 'रूड टू मी', पण 'माझ्याशी प्रामाणिक' हे 'ऑनेस्ट विथ मी'. 'शी' आला की शब्दकोश उघडायचा, अंदाज करायचा नाही.

याच गटात आपल्या ऑफिसांमधली सर्वांत पसरलेली चूक येते: 'ही इज सीनियर दॅन मी'. माझ्यापेक्षा म्हणजे 'दॅन', हा हिशेब. पण 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हे शब्द लॅटिनमधून आले तेच तुलनेचं रूप घेऊन. 'सीनियर' म्हणजे लॅटिनमध्ये 'जास्त वयाचा'. इंग्रजीचा स्वतःचा तुलनेचा प्रत्यय त्यांना लागत नाही, तसा 'दॅन'ही लागत नाही. 'ही इज टू इयर्स सीनियर टू मी.' याच कारणाने 'मोअर सुपीरियर' चुकतं. 'ओल्डर', 'टॉलर', 'बेटर' हे इंग्रजीचे घरचे शब्द, तिथे 'दॅन' हक्काचा. 'प्रायर टू'सुद्धा याच कुळातला. आणि 'प्रेफरेबल' दिसायला वेगळा असला तरी तोही 'टू'च घेतो.

लॅटिनवरून आठवलं, जरा लांब शब्द असेल तर त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांकडे बघायची सवय लावून घ्या. 'ॲब्सेंट'मधला 'ॲब' म्हणजेच लॅटिनमध्ये 'पासून दूर', म्हणून 'फ्रॉम'. 'ॲडजेसंट'मधला 'ॲड' म्हणजे 'कडे', म्हणून 'टू'. 'कम्पॅटिबल', 'कन्सिस्टंट' यांतला 'कम-कन' म्हणजे 'सह', म्हणून 'विथ'. 'एक्झेम्प्ट'मधला 'एक्स' म्हणजे 'बाहेर', म्हणून 'फ्रॉम'. 'इन्व्होल्व्ह्ड इन', 'इन्हेरंट इन' तर उघडच आहेत. हा आधार आहे, हमी नाही. 'कॉन्शस' आणि 'कॉन्फिडंट' 'कॉन'ने सुरू होऊनही 'ऑफ' घेतात. पण अनोळखी शब्दापुढे अंधारात चाचपडण्यापेक्षा एवढा उजेड बरा.

बाकीचे गट पटकन सांगते. कौशल्य आणि त्याचा अभाव 'ॲट' घेतो, 'गुड ॲट', 'बॅड ॲट', 'क्विक ॲट'. नेम धरून मारल्यासारखं कौशल्य एका गोष्टीवर रोखलेलं असतं, असं चित्र डोळ्यांपुढे ठेवा. धक्का आणि आश्चर्यही तिथेच, 'सरप्राइज्ड ॲट'. उपयोग, तयारी, पात्रता, कारण यांना 'फॉर': 'रेडी फॉर', 'एलिजिबल फॉर', 'फेमस फॉर', 'लेट फॉर'. मन एखाद्या विषयाभोवती घोटाळत असेल तर 'अबाउट': 'वरीड अबाउट', 'एक्सायटेड अबाउट', 'क्युरियस अबाउट'. वेगळेपणा, सुटका, दुरावा यांना 'फ्रॉम'. एखाद्या गोष्टीत काय भरपूर आहे किंवा कशाची उणीव आहे हे 'इन'ने सांगतात, म्हणून पालक 'रिच इन आयर्न'. 'ऑन' घेणारी विशेषणं थोडी आहेत, 'डिपेंडंट ऑन' आणि 'कीन ऑन' आधी शिका. 'ॲन्ग्री ऑन' त्यांत नाही. 'माझ्यावर रागावला' मधला 'वर' इंग्रजीत न्यायचा नाही.

आता ज्या भागासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहितेय तो. प्रीपोझिशन चुकल्यामुळे वाक्य नुसतं अशुद्ध झालं तर समोरचा समजून घेतो. 'गुड इन एक्सेल' वाचून तुमच्या साहेबांना तुम्हाला एक्सेल येतं हे कळलंच होतं. पण काही विशेषणं दोन-तीन प्रीपोझिशन्स घेतात आणि प्रत्येकाबरोबर अर्थ बदलतो. तिथे वाक्य व्याकरणाने बिनचूक असतं आणि निरोप मात्र भलताच पोहोचतो. दीडशेच्या यादीत हा फरक दिसतच नाही, म्हणून त्या याद्यांवर माझा विश्वास नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या परदेशातल्या वरिष्ठांचे वडील वारले. त्याने फार मनापासून दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. पहिलीच ओळ होती, 'आय ॲम व्हेरी सॉरी फॉर यू.' व्याकरणात काही खोट नाही. पण 'सॉरी फॉर' म्हणून पुढे थेट माणूस ठेवला की त्यात कीव येते, 'तुमची मला दया येते' असा सूर लागतो. त्याच्या मनात असलं काही नव्हतं. आम्ही ते 'आय ॲम व्हेरी सॉरी फॉर युवर लॉस' केलं. 'आय ॲम सो सॉरी अबाउट युवर फादर' हेही चाललं असतं. एका शब्दाने दुःखात सहभागी होणारा माणूस वरून बघणारा वाटला असता. त्या दिवसापासून मी हा धडा अर्थाच्या बाजूने शिकवते, गाळलेल्या जागांच्या बाजूने नाही.

असंच 'टायर्ड'. 'उद्या सुट्टी हवी आहे, आय ॲम टायर्ड ऑफ वर्क' असा मेल वरिष्ठांना गेला तर ते काय वाचतील? कामाचा कंटाळा आलाय. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, कामाने दमलोय, म्हणजे 'टायर्ड फ्रॉम वर्क'. बघा, मराठीने इथे किती नेमका फरक केलाय. 'कामाचा' कंटाळा, 'कामाने' दमणं. 'चा'ला 'ऑफ', 'ने'ला 'फ्रॉम'. मेल लिहिताना डोक्यातलं मराठी वाक्य नीट ऐकलं असतं तर ही चूक झालीच नसती. मराठी नेहमी वाटेत आडवी येते असं जे म्हणतात ते मला पटत नाही. अर्धवट ऐकलेली मराठी आडवी येते.

कधी मराठी वाक्यच दोन अर्थांचं असतं आणि इंग्रजी ते फोडून सांगते. 'आईला मुलाची भीती वाटते.' मुलगा दारू पिऊन मारतो म्हणून भीती, की मुलगा रात्री उशिरा घाटातून गाडी चालवत येतो म्हणून भीती? इंग्रजीत पहिलं 'अफ्रेड ऑफ हर सन', दुसरं 'अफ्रेड फॉर हर सन'. हे उदाहरण दिलं की 'फॉर'चा स्वभाव लक्षात येतो. 'फॉर'मध्ये दुसऱ्याचं भलं-बुरं असतं. म्हणून मैत्रिणीला बढती मिळाली की 'आय ॲम हॅपी फॉर यू', तिच्या आनंदात माझा आनंद. 'हॅपी विथ यू' म्हटलं तर तुझ्या कामावर मी समाधानी आहे असा साहेबी अर्थही निघतो. आणि पगारावर खूश असाल तर 'हॅपी विथ माय सॅलरी', तिथे 'फॉर' नको.

ऑफिसच्या लिखाणात 'कन्सर्न्ड' आणि 'रिस्पॉन्सिबल' सांभाळा. 'कन्सर्न्ड अबाउट द डिले' म्हणजे उशिराची चिंता आहे. 'कन्सर्न्ड विथ सेफ्टी' म्हणजे विषय सुरक्षिततेचा आहे, चिंता असेलच असं नाही. 'रिस्पॉन्सिबल फॉर' पुढे काम येतं, 'रिस्पॉन्सिबल टू' पुढे ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस. 'फॅमिलियर'चं तर बाजू बदलली की प्रीपोझिशन बदलतं. माणसाकडून सुरुवात केली तर 'आय ॲम फॅमिलियर विथ धिस सॉफ्टवेअर', वस्तूकडून केली तर 'धिस सॉफ्टवेअर इज फॅमिलियर टू मी'. दुसऱ्या वाक्याचं मराठी करा: 'हे सॉफ्टवेअर मला परिचयाचं आहे.' मला स्पष्ट आहे, मला नवीन आहे, मला माहीत आहे. अशा 'मला'ला 'टू मी', हे बहुतेक जागी बरोबर ठरतं.

आणखी एका 'टू'बद्दल सांगते, कारण चांगलं इंग्रजी लिहिणारेही तिथे अडखळतात. प्रीपोझिशननंतर क्रियापद आणायचं तर ते 'आयएनजी' लावूनच येतं. 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'गुड ॲट कुकिंग', हे जमतं. पण 'टू' दिसला की हात आपोआप मूळ क्रियापद लिहितो. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' आणि 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' ही दोन वेगळी वाक्यं. पहिलं 'मी लवकर उठायचो', दुसरं 'मला लवकर उठायची सवय आहे'. मराठीतही दोन्हींत 'उठाय' आहे, म्हणून गोंधळ दुप्पट. चाचणी सोपी आहे. क्रियापदाच्या जागी साधं नाम टाकून बघा. 'आय ॲम यूज्ड टू नॉइज' चालतं, म्हणजे तो 'टू' प्रीपोझिशन आहे आणि त्याला 'आयएनजी' हवं. 'आय ॲम एबल टू नॉइज' चालत नाही, म्हणजे तिथे मूळ क्रियापद. 'ॲडिक्टेड' आणि 'कमिटेड' ही चाचणी पास होतात.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही स्पर्धा परीक्षेला बसत असाल तर तिथे जुनं, पुस्तकी उत्तर लिहा: माणसाला 'ॲन्ग्री विथ', गोष्टीला 'ॲन्ग्री ॲट', आणि 'डिफरंट'ला फक्त 'फ्रॉम'. प्रत्यक्षात अमेरिकी माणूस माणसालाही 'ॲन्ग्री ॲट' म्हणतो, ब्रिटनमध्ये बोलताना 'डिफरंट टू' सर्रास ऐकू येतं आणि अमेरिकेत 'डिफरंट दॅन'. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे बिनबोभाट चालतं, म्हणून मी तेच शिकवते. शाळेच्या विषयांबाबत 'गुड इन मॅथ' अमेरिकेतही कानावर पडतं. तेव्हा कोणी 'इन' म्हणालं की त्याला अडाणी समजायचं कारण नाही. बोलताना तर यासाठी अडू नका. वाक्य पुरं करा, चूक नंतर वहीत दुरुस्त करा.

वहीचं सांगते, कारण 'पाठ कसं करायचं' हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग होता. आठवड्याला तीनच विशेषणं घ्या. प्रत्येकाचं एक वाक्य, आणि ते तुमच्या घरातलं, खरं असलेलं. माझ्याकडे सिन्नरहून एक ताई यायच्या, पन्नाशीच्या, मुलगा परदेशात, सून तिकडचीच. नातवाशी बोलता यावं म्हणून शिकत होत्या. त्यांच्या वहीत पहिलं वाक्य होतं, 'आय ॲम प्राउड ऑफ माय किचन गार्डन.' दुसरं, 'माय ग्रँडसन इज अफ्रेड ऑफ लिझर्ड्स.' तिसरं, 'माय डॉटर-इन-लॉ इज काइंड टू मी.' प्रत्येक वाक्याखाली त्याचा प्रश्न लिहिलेला, 'व्हॉट आर यू प्राउड ऑफ?' शेपूट डावीकडे चिकटलेलं. या वेगाने वर्षाला दीडशे होतात, आणि त्या दीडशेपैकी त्या ताई काही विसरलेल्या मी पाहिलं नाही. आपली पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकली, २००० सालापासून आपल्याकडे ते पहिलीपासून सुरू झालं. पण माझ्याकडे येणारी नवी मुलंही याच जागी अडतात, कारण वर्षं वाढली तरी शिकवण्याची पद्धत गाळलेल्या जागांचीच राहिली.

शब्दकोश वापरताना प्रीपोझिशन शोधू नका, विशेषण शोधा, आणि परकीय विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोशच घ्या. इंग्रज माणसाला 'प्राउड'नंतर काय येतं हे सांगावं लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठीचे कोश तिकडे फारसं लक्ष देत नाहीत. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शिकणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळूनही तो वाक्यात बसवता येत नाही हे ध्यानात घेऊन त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. ऑक्सफर्डने तो १९४८ पासून छापला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. अशा कोशांत विशेषणाच्या नोंदीतच त्याचं प्रीपोझिशन ठळक अक्षरात दिलेलं असतं. मात्र एका शब्दाचं प्रीपोझिशन त्याच्या भावंडाला लावू नका. 'प्राउड ऑफ', पण नाम झालं की 'प्राइड इन'. 'फाँड ऑफ', पण 'फाँडनेस फॉर'. 'डिपेंडंट ऑन', पण 'इंडिपेंडंट ऑफ'.

आता तुमची दोन वाक्यं. 'इंटरेस्टेड इन डेटा ॲनालिसिस' याला दुसरा पर्याय नाही, साहेबांनी केलं ते बरोबर. 'गुड ॲट एक्सेल' हेही बरोबर. पण 'गुड'ला 'विथ'ही चालतं, जेव्हा पुढे हाताळायची वस्तू किंवा सांभाळायची माणसं असतात: 'गुड विथ कॉम्प्युटर्स', 'गुड विथ नंबर्स', 'गुड विथ चिल्ड्रन'. त्यामुळे 'आय ॲम गुड विथ एक्सेल' हेही तुम्ही लिहू शकता. आणि फॉर्ममधली तिसरी ओळ, जी साहेबांनी तशीच सोडली, 'आय ॲम रिस्पॉन्सिबल ऑफ डेली रिपोर्ट्स', ती मात्र पुढच्या वर्षीच्या फॉर्मआधी तुम्हीच दुरुस्त करा. कोणत्या बाजूला बघायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.